यंदाचा पहिला टोमॅटो रंगला! तोडू की राहू देऊ?

अंगणवेल (पुणे) | ३ जानेवारी, सकाळी ७:४०

आज सकाळी गच्चीत पाणी घालायला गेले आणि झारी हातात तशीच राहिली. काल संध्याकाळपर्यंत जो टोमॅटो फिकट हिरवा होता, त्याच्या बुडाला केशरी छटा आलीय. यंदाचा पहिला!

गणपती विसर्जन झालं त्या आठवड्यात बी टाकलं होतं. दसऱ्याच्या आसपास रोपं कुंड्यांत गेली, दिवाळीत पिवळी फुलं आली. वाण भाग्यश्री, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा. चार झाडं आहेत, सगळी मिळून २३ फळं. हा आकडा माझा नाही, सासूबाईंचा. त्या ७८ वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात तरी रोज जिना चढून वर येतात, फळं मोजतात आणि खाली येऊन सगळ्यांना सांगतात.

आता प्रश्न. हा आत्ताच तोडून घरात पिकवावा, की पूर्ण लाल होईपर्यंत झाडावर ठेवावा? नवरा म्हणतो ठेव. मला बुलबुलांची धास्ती वाटते, कठड्यावर रोज एक जोडी येऊन बसते. आणि घरात आम्ही सहा जण. एका टोमॅटोचं काय करायचं, तेही सांगा. तुमच्याकडे पहिल्या फळाचं काय करता?

खिडकीतली_बाग (डोंबिवली) | सकाळी ८:०५

अभिनंदन! फोटो कुठाय? असल्या धाग्यावर फोटो हवाच.

अंगणवेल | सकाळी ८:१०

संध्याकाळी टाकते. सकाळी मागून ऊन येतं, टोमॅटो काळा दिसतोय.

आबा_जुन्नर | सकाळी ९:३०

ताई, अभिनंदन. आमच्या नारायणगावच्या बाजूला टोमॅटोचंच रान. लागण फेब्रुवारी-मार्चात, मे-जूनपासून तोडा सुरू. माल लांब जाणार असला की आम्ही बुडाला गुलाबी छटा दिसली की तोडतो. वीस किलोच्या क्रेटमध्ये बसून चार दिवसांचा प्रवास करायचा असतो त्याला. पिकलेला टोमॅटो वरच्या वजनानं चेपून जातो.

पण तुमचा टोमॅटो कुठं जाणार आहे? गच्चीतून खाली स्वयंपाकघरात. त्याला कशाला लवकर तोडता? झाडावर राहू द्या. देठाजवळचा हिरवा खांदा पुरता गेला, फळ हाताला जरा मऊ लागलं आणि उचलून वळवल्यावर देठाच्या गाठीतून आपसूक सुटलं, की समजायचं झालं.

निवृत्त_मास्तर (सांगली) | सकाळी १०:१५

आबांशी थोडा असहमत. चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि गेली अकरा वर्षं टोमॅटो लावतोय, म्हणून लिहितो.

टोमॅटो रंग बदलू लागला की स्वतःच इथिलीन वायू सोडतो आणि त्या वायूनेच पुढे पिकत जातो. तोडला तरी ते थांबत नाही. रंग फुटल्यानंतर झाडाकडून त्याला फारसं काही मिळत नाही. म्हणून मी अर्धा रंग आला की तोडतो आणि टोपलीत, देठाची बाजू खाली करून ठेवतो. पक्षी, खारी, अवकाळी पावसाने तडकणं, सगळ्यातून फळ वाचतं. घाई असेल तर शेजारी एक पिकलेलं केळ ठेवा, त्याचं इथिलीनही कामी येतं. उन्हात खिडकीत ठेवू नका. पिकायला ऊब लागते, ऊन लागत नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो. फ्रिजमध्ये ठेवू नका. साधारण १२ अंशांखाली टोमॅटोचा वास तयार होण्याची क्रियाच मंदावते. मग तो लाल दिसतो, पण तोंडात नुसतं पाणी.

चिंचगूळ (कोल्हापूर) | सकाळी १०:४०

मास्तर, रंग येतो हे कबूल. पण वास? झाडावर पिकलेला टोमॅटो उन्हानं कोमट असताना तोडून नाकाशी धरा. टोपलीत पिकलेल्याला तो वास येत नाही. माझं मत आबांच्या पारड्यात.

निवृत्त_मास्तर | सकाळी १०:५५

तो वास बराचसा पानांचा आणि देठाचा असतो. तोडताना हाताला लागतो तो पिवळट-हिरवा चिकटपणा असतो ना, त्याचा. तरीही तुमचं म्हणणं खोडून काढत नाही. अंगणवेल, तुम्हीच करून बघा. एकाच घोसातले दोन घ्या. एक अर्ध्या रंगावर तोडा, दुसरा झाडावर ठेवा. मग दोन्ही चाखून इथे लिहा.

अंगणवेल | सकाळी ११:२०

करते! त्याच घोसात दुसराही फिका पडायला लागलाय.

मेधा_मेलबर्न | दुपारी १२:०५

कित्ती आनंद झाला वाचून! आमच्याकडे सध्या ऐन उन्हाळा, त्यामुळे तुमचे आणि आमचे टोमॅटो एकाच वेळी लाल होतायत. इथे टोमॅटोची रोपं मेलबर्न कपच्या दिवशी लावायची असा जुना प्रघात आहे. ती घोड्यांची शर्यत नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी असते, तोवर रात्रीची थंडी सरलेली असते. पहिल्या वर्षी शेजारच्या इटालियन आजींनी कुंपणावरून रोपं दिली आणि हे सांगितलं. मी तारीख लिहून ठेवली. आता मलाही अक्षय्य तृतीयेसारखी ती तारीख पाठ झालीय.

यंदाचा पहिला नाताळाच्या दुसऱ्या दिवशी मिळाला. जाड चकत्या, वर मीठ, जिऱ्याची पूड, बाकी काही नाही. मुलानं ताटलीतलं पाणीसुद्धा पिऊन टाकलं.

जर्सीकर (न्यू जर्सी) | दुपारी १:३०

इथे बाहेर बर्फ आहे आणि मी तुमचे प्रतिसाद एकामागून एक वाचतोय. आमचा पहिला टोमॅटो जुलैत. मेच्या मध्यापर्यंत दव गोठायची भीती, तोवर रोपं तळघरात दिव्याखाली. पण एकदा जुलै-ऑगस्ट आला की या राज्यासारखा टोमॅटो नाही. रटगर्स विद्यापीठाने १९३४ साली काढलेला त्याच नावाचा वाण लोक अजून लावतात, मीही दोन झाडं लावतो.

गंमत म्हणून सांगतो, टोमॅटो फळ की भाजी हा वाद इथे थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. साल १८९३. आयात भाज्यांवर कर होता, फळांवर नव्हता. न्यायालय म्हणालं, वनस्पतिशास्त्रात फळ असेल, पण लोक जेवणात भाजी म्हणून खातात, तेव्हा कर भरा.

चिंचगूळ | दुपारी १:४५

न्यायाधीशांनी कोशिंबीर खाल्लेली दिसते.

भाकरतुकडा (अकोला) | दुपारी २:१०

आमच्या गावाकडं टमाट्याले भेदरं म्हन्तेत. कोनी बेलवांगी पण म्हने, पन ते आता मागं पडलं. पयल्या भेदराचं काय करायचं इचारता? चुलीच्या आरावर ठेवा. साल काळी पडून फुटली का काढा, सोबत दोन हिरव्या मिरच्या न् लसणाच्या चार पाकळ्या भाजा. वाटीच्या बुडानं रगडा, मीठ, कोथिंबीर, कच्चं तेल. भाकर कळण्याची असली तं इचारूच नका. सहा जनाले एक भेदरं पुरते अशानं. माही माय नऊ जनाले पुरवे.

अंगणवेल | दुपारी २:३०

भाकरतुकडा, सहा जणांच्या प्रश्नाला हे पहिलं खरं उत्तर मिळालं. चूल नाही, गॅसवर जाळी ठेवून करीन.

लाल_माती (सावंतवाडी) | दुपारी ३:१५

सगळ्यांचं वाचून बरं वाटलं आणि थोडं वाईटही. माझी सात झाडं फळाला येता येता गेली. सकाळी ताजीतवानी, दुपारी माना टाकलेल्या, तिसऱ्या दिवशी संपलं. पान पिवळंसुद्धा पडलं नाही. पाणी कमी पडलं म्हणून आणखी घातलं. तीन वर्षं हेच चाललंय. त्यात जी जगतात त्यांची फळं माकडं नेतात. कोणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

निवृत्त_मास्तर | दुपारी ३:४०

लाल_माती, पान हिरवं असतानाच झाड मान टाकतंय म्हणजे जिवाणूजन्य मर असण्याची शक्यता मोठी. घरी तपासता येतं. मेलेल्या झाडाचा खोडाचा बुडाकडचा तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात, कापलेलं टोक जरासं बुडेल असा लटकवून धरा. थोड्या वेळात दुधासारख्या पांढऱ्या रेषा खाली उतरताना दिसल्या तर तोच रोग. त्यावर औषध नाही आणि जास्त पाण्याने तो पसरतोच. जिवाणू मातीत वर्षानुवर्षं राहतात. कोकणातली दमट, आम्ल माती त्यांना मानवते.

मग त्या वाफ्यात टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा काहीच लावायचं नाही. चारही एकाच कुळातली. बाहेरून आणलेली माती भरून पिशव्यांत लावा आणि पिशव्या जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवा. वाण बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक घ्या. तो मर, लवकर येणारा करपा आणि पानं आकसणारा विषाणू, तिन्हींना दाद देत नाही. रोपवाटिकेत वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम मिळालं तर तेही उत्तम.

लाल_माती | दुपारी ४:२५

मास्तर, आत्ताच केलं. परवा उपटलेलं एक झाड तसंच पडलं होतं. पेल्यात पांढरा धूर उतरावा तसं दिसलं. तीन वर्षं मी स्वतःला दोष देत होते. मनापासून आभार. माकडांचं मात्र कोणीच काही बोललं नाही!

मेधा_मेलबर्न | दुपारी ४:४०

माकडांचं माहीत नाही, पण पक्ष्यांसाठी माझा उपाय सांगते. लग्नात भेटवस्तू देतात त्या झिरझिरीत नाडीच्या पिशव्या असतात ना, त्या घोसावर चढवायच्या आणि नाडी ओढायची. हवा जाते, ऊन जातं, चोच जात नाही.

अंगणवेल | दुपारी ४:५०

घरात अशा पंधरा-वीस पिशव्या पडून आहेत! चढवल्या. बुलबुल कठड्यावरून बघतायत. हा घ्या फोटो.

खिडकीतली_बाग | संध्याकाळी ५:३०

काय रंग आहे! माझ्या झाडांना फुलं भरपूर येतात आणि चार दिवसांत देठासकट गळतात. चौथ्या मजल्यावरची पूर्वेची ग्रील, ऊन जेमतेम तीन-साडेतीन तास. मधमाशी आमच्याकडे चढत नाही. एकही फळ धरलं नाही अजून. धागा वाचून उमेद येते आणि मन खट्टूही होतं.

चिंचगूळ | संध्याकाळी ५:५०

अगं, टोमॅटोला दुसऱ्या झाडाचा पराग लागतच नाही. एकाच फुलात दोन्ही असतात. फक्त पराग एका बंद नळीत असतो आणि फूल थरथरलं की तो टोकाच्या छिद्रातून खाली सांडतो. साधी मधमाशी ते करत नाही. निळ्या पट्ट्यांची एक गुबगुबीत माशी असते आपल्याकडे, ती फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवते, चांगला गुंऽऽ आवाज येतो. ती नसेल तर तू कर. सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलाच्या मागच्या देठावर हलक्या टिचक्या मार. बॅटरीवरचा दात घासायचा ब्रश असेल तर तो देठाला लाव, पिवळी धूळ उडताना दिसेल.

आणि तीन तासांच्या उन्हात मोठा टोमॅटो नको, चेरी लाव. त्याचं थोडक्यात भागतं.

जर्सीकर | संध्याकाळी ६:१०

अनुमोदन. मी तो ब्रश फक्त टोमॅटोसाठी वेगळा ठेवलाय.

ताजा_कलम (नाशिक) | रात्री ८:००

वेगळं मत मांडतो, कोणी वाईट वाटून घेऊ नका. आज बाजारात टोमॅटो वीस रुपये किलो आहे. चार कुंड्या, माती, खत, बी, चार महिन्यांची मेहनत, आणि हाती येणार तीन-चार किलो. पालेभाजी लावली तर त्याच जागेत आठवड्याला जुडी निघते. शहरातल्या जागेचा हिशेब बघितला तर टोमॅटो परवडत नाही.

मेधा_मेलबर्न | रात्री ८:२०

हिशेब पैशांचाच लावला तर तुमचं बरोबर आहे. पण लेकरू "आईऽ लाल झाला!" असं ओरडत घरात येतं, ते कोणत्या खान्यात लिहायचं?

आबा_जुन्नर | रात्री ९:४५

ताजा_कलम दादा, तुम्ही भाव काढला म्हणून लिहितो.

२०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर-दीडशेच्या वर गेला होता, आठवत असेल. सगळीकडे त्याच्याच बातम्या. त्या वेळी ज्याच्या रानात माल होता त्याचं घर उभं राहिलं. दोन महिन्यांत भाव असा कोसळला की क्रेटमागं तोडणीची मजुरी निघंना. माझा माल तेव्हा आला. बांबू, तार, सुतळी, औषधं, सगळं घालून उभं केलेलं पीक आम्ही जनावरं सोडून चारलं. तो लाल सडा मी अजून विसरलो नाही. त्यामुळं टोमॅटो परवडतो का, हे मला विचारू नका.

पण घरचा टोमॅटो वेगळाच. आमच्या न्हाणीचं पाणी परसात जातं, तिथं दरवर्षी आपोआप गावठी टोमॅटो उगवतो. खरकट्यातलं बी पडतं आणि येतो. ना बांधणी, ना फवारणी. फळ लहान, चपटं, खांद्यावर चुण्या, आणि आंबट म्हणजे डोळे मिटतील असं. दीड एकर टोमॅटो दारात उभा असताना आई कालवणाला रानातला घ्यायची नाही, परसातलाच घ्यायची. पहिलं फळ निघालं की चुलीपुढं ठेवून हात जोडायची आणि मग चिरायची. आई जाऊन चार वर्षं झाली. झाड अजून उगवतंय. या जानेवारीत त्यालाही फळं लागलीत. म्हणून म्हणतो ताई, पहिला टोमॅटो घाईत नका तोडू.

ताजा_कलम | रात्री १०:०५

आबा, तुमचं वाचून काही सुचेना. माझे आजोबाही टोमॅटो करायचे, पिंपळगावच्या बाजारात न्यायचे. माझा हिशेब बहुतेक तिथूनच आलाय. ताई, चार झाडं जरूर ठेवा.

सुनंदा_काकू (ठाणे) | ४ जानेवारी, सकाळी ६:५०

आबा, डोळे भरून आले हो.

आमच्याकडे मात्र पहिला टोमॅटो देवापुढे ठेवायला आजीची बंदी होती. नैवेद्याच्या पानात तिने टोमॅटो कधी वाढला नाही. परकी भाजी म्हणायची, रंगही तिला चालत नसे. पोर्तुगिजांनी आणलेली मिरची तिला चालायची, बटाटा तर उपासालाही चालायचा, टोमॅटोलाच काय ती मनाई! आईने मग हळूच साराला सुरुवात केली. टोमॅटो उकडून गाळायचे, नारळाचं दूध, तुपात जिरं-कढीपत्त्याची फोडणी, किंचित साखर. नारळाचं दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर फाटतं. आजीने पहिल्यांदा नुसतं बोट लावून चाटलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, कालचं उरलंय का गं?

जर्सीकर | सकाळी ७:३०

काकू, ऑक्टोबरात गारठा पडायच्या आदल्या रात्री आम्ही झाडावरचे सगळे हिरवे टोमॅटो उतरवतो. त्यांचं काय करता? दरवर्षी पाच-सहा किलो निघतात.

सुनंदा_काकू | सकाळी ८:१५

चटणी करा. हिरवे टोमॅटो चिरून थोड्या तेलात मिरच्या-लसणाबरोबर मऊ होईस्तोवर परता. तीळ आणि दाणे कोरडे भाजून घ्या, कोथिंबीर, मीठ आणि चवीला गुळाचा खडा घालून जाडसर वाटा. वरून हिंग-मोहरीची फोडणी. आणि जे थोडे फिके पडलेत ते वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून खोक्यात ठेवा, हळूहळू पिकतील.

बुडाला_डाग (छत्रपती संभाजीनगर) | सकाळी ११:००

या धाग्यासाठीच खाते उघडले. नावावरूनच प्रश्न कळेल. फळाच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो आहे. रोग आहे का? अंड्याची टरफले घातली, फरक नाही.

निवृत्त_मास्तर | सकाळी ११:२५

स्वागत! रोग नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून तसं होतं. मातीत बहुधा ते असतं, पण ते पाण्याबरोबरच वर चढतं. एक दिवस कुंडी कोरडी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की फळ उपाशी राहतं. पाणी रोज ठरावीक द्या, मातीवर सुक्या पानांचा किंवा उसाच्या पाचटाचा थर द्या. टरफलं कुजायला फार वेळ घेतात, या हंगामात कामाची नाहीत. डाग पडलेली फळं काढून टाका, पुढची चांगली येतील.

अंगणवेल | ८ जानेवारी, रात्री ९:१०

उशीर झाला, पण अहवाल देते.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे एक टोमॅटो तीन तारखेलाच, अर्ध्या रंगावर तोडून टोपलीत ठेवला. दुसरा पिशवीत, झाडावर. रात्री इथे १० अंशांपर्यंत उतरत होतं, त्यामुळे झाडावरचा हळू रंगला. आज दुपारी आबांनी सांगितलं तसं उचलून वळवलं आणि तो खरंच गाठीतून सुटला. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांच्याच हातात दिला. त्यांनी पदराने पुसला, नाकाशी धरला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या कराडच्या घरामागं असाच वास यायचा." लग्न होऊन मला एकोणीस वर्षं झाली, त्या घराबद्दल त्यांनी मला पहिल्यांदाच काही सांगितलं. मग खाली येईपर्यंत सांगतच होत्या. विहीर, तिच्या कडेचा आळूचा वाफा, त्यांचे थोरले भाऊ.

दोन्ही टोमॅटोंच्या सहा-सहा फोडी केल्या, वर नुसतं मीठ. मला आणि मुलीला झाडावरचा जास्त गोड लागला. नवऱ्याला आणि सासऱ्यांना फरक कळला नाही. दीर म्हणाले टोपलीतला जास्त आंबट, म्हणून तोच चांगला. सासूबाईंनी दोन्ही फोडी संपवल्या आणि निकाल द्यायला नकार दिला. भेदराची चटणी पुढच्या घोसाची. आता झाडावर २१ आहेत.

निवृत्त_मास्तर | रात्री ९:३०

तीन विरुद्ध तीन धरतो. पुढच्या घोसाला पुन्हा करा.

आबा_जुन्नर | रात्री ९:५०

ताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. परसातल्या झाडाचं बी धरतोय यंदा. पिकलेल्या फळाचा गर वाटीत पाण्यात दोन-तीन दिवस आंबवतो, वरचा बुळबुळीत पापुद्रा सुटला की धुऊन ताटलीत सावलीला वाळवतो. कागदावर वाळवू नका कुणी, चिकटून बसतं. ज्यांना हवं त्यांनी पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. लाल_माती ताई, मर रोगाला हा टिकेल असं मी सांगत नाही, पण पिशवीत लावून बघा.

लाल_माती | रात्री ९:५५

व्यनि केलाय आबा. पिशव्या आणल्या, विटाही मांडल्या.

खिडकीतली_बाग | ९ जानेवारी, सकाळी १०:४०

चिंचगूळ!! पाच दिवस टिचक्या मारतेय. आज एका फुलाच्या पाकळ्या सुकल्या तरी देठ गळला नाही. आत मोहरीपेक्षा जरा मोठं हिरवं काहीतरी आहे. फोटो अंधुक आलाय, तरी टाकतेय.